पुष्पदंडावरील बाळरोपे

पानफुटीचे एखादे पान ओल्या मातीवर पडून राहिले की थोड्याच दिवसांत त्याच्या कडेवरील खाचांतून इवली इवली रोपे डोके वर काढतात, हे बहुतेक विद्यार्थ्यांनी पाहिलेले असते. शेताच्या बांधावरील घायपाताला आयुष्याच्या अखेरीस जो उंच दांडा येतो, त्यावर फुले गळून गेल्यानंतर असंख्य लहान रोपे लगडतात आणि खाली पडून मातीत रुजतात. केळीचे मुनवे आणि उसाची कांडी तर शेतकऱ्याच्या रोजच्या परिचयाची आहेत. बीजाची वाट न पाहता आपल्यासारखेच दुसरे रोप निर्माण करण्याची ही रीत वनस्पतिसृष्टीत फार पुरातन आहे. तिचा एक विलक्षण आविष्कार ऑर्किड वनस्पतींत पाहावयास मिळतो. ज्यांची जोपासना जगभर केवळ फुलांसाठी होते, त्या ऑर्किडांपैकी काही जाती फुलांच्याच दांड्यावर पाने, खोड आणि मुळे असलेले संपूर्ण रोप धारण करतात.

हवाई बेटांच्या मूळ भाषेत लहान मुलाला ‘केइकी’ म्हणतात. तेथील ऑर्किडप्रेमींनी हे नाव दांड्यावरच्या रोपांना दिले आणि आता ते जगभर रूढ झाले आहे. आपण त्यांना बाळरोपे म्हणू. बाळरोप म्हणजे निसर्गाची एक गंमत, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. वस्तुतः या गमतीमागे एक मूलगामी प्रश्न दडलेला आहे. एकाच दांड्यावरील एका डोळ्यातून फुले निघतात आणि दुसऱ्यातून सबंध रोप निघते, ते कशामुळे? या प्रश्नाचा पाठपुरावा करीत असता ऑर्किडांच्या लागवडीचे स्वरूपच पालटून गेले. ती हकीकत येथे सांगावयाची आहे.

ऑर्किडांचे कुल

ऑर्किड, म्हणजेच ज्यांना मराठीत आमरी असेही म्हणतात त्या वनस्पतींचे कुल सपुष्प वनस्पतींच्या अतिविशाल कुलांपैकी एक होय. जगात त्यांच्या सुमारे २८,००० जाती ज्ञात आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या गणनेनुसार आपल्या देशात त्यांच्या १,२५६ जाती आढळतात आणि त्यांपैकी ३८८ जाती भारताबाहेर कोठेही सापडत नाहीत. यांतील ७५७ जाती वृक्षांच्या खोडाफांद्यांवर वाढणाऱ्या आहेत. त्या वृक्षाचा केवळ आधार घेतात. बांडगुळाप्रमाणे त्याचा रस शोषीत नाहीत. आसामात ‘कपौ फूल’ म्हणून बिहूच्या दिवसांत मस्तकी मिरविले जाणारे आणि सह्याद्रीत ‘सीतेची वेणी’ या नावाने ओळखले जाणारे ऑर्किड याच प्रकारचे आहे.

बाळरोपांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा वंश म्हणजे फॅलेनॉप्सिस. पतंगासारखा दिसणारा, असा या ग्रीक नावाचा अर्थ असून ते कार्ल लुडविग ब्लूमे या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२५ साली दिले. आग्नेय आशियातील उष्ण, दमट अरण्ये हे या वंशाचे प्रमुख वसतिस्थान होय. त्याच्या काही जाती ईशान्य भारतात आणि पश्चिम घाटातही आढळतात. यांपैकी फॅलेनॉप्सिस अमाबिलिस ही शुभ्र फुलांची जाती इंडोनेशियाच्या राष्ट्रीय पुष्पांमध्ये गणली जाते. फिलिपीन्स बेटांतील फॅलेनॉप्सिस लुडेमॅनियाना ही जाती तर बाळरोपांसाठीच प्रसिद्ध आहे. तिच्या एकाच दांड्यावर फुले आणि बाळरोपे शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

एका खोडाचे संकट

फॅलेनॉप्सिसला बाळरोपांचे एवढे महत्त्व का, हे कळण्यासाठी त्याच्या वाढीची रीत समजून घेतली पाहिजे. सिक्कीमचे राज्यपुष्प असलेले डेंड्रोबियम नोबिले घेतले, तर त्याला बुंध्यापासून दर वर्षी नवे जाड कांड फुटते. काही वर्षांत अशा कांडांचे बेट तयार होते आणि माळी त्याचे दोन-तीन भाग करून निरनिराळ्या कुंड्यांत लावू शकतो. फॅलेनॉप्सिसचे तसे नाही. त्याला एकच आखूड खोड असते आणि ते शेंड्याकडे एकेक पान काढीत वर वाढत राहते. बुंध्याशी सहसा दुसरा फुटवा येत नाही. विभागणी करावयाची, तर विभागण्याजोगे दुसरे खोडच नसते. पानांच्या मध्यभागी पाणी साचून तो एकुलता एक शेंडा कुजला, तर बहुधा सबंध रोप हातचे जाते. बुंध्याजवळ एखादा डोळा जिवंत राहून फुटला तरच त्याचा वंश टिकतो.

मग बीजे का पेरू नयेत? ऑर्किडांना बीजांची मुळीच वाण नाही. एकोणिसाव्या शतकात चार्ल्स डार्विनने एका युरोपीय ऑर्किडच्या बोंडातील बीजे मोजून हिशेब केला, तेव्हा एका रोपाची बीजे १,८६,३०० भरली होती. परंतु ही बीजे धुळीच्या कणांएवढी सूक्ष्म असतात. गहू अथवा हरभरा यांच्या दाण्यात अंकुरासाठी अन्नाचा जो साठा असतो, तो त्यांत जवळजवळ नसतोच. निसर्गात विशिष्ट कवकांची गाठ पडेल आणि त्यांच्याकडून अन्न मिळेल, तेव्हाच ती रुजतात. नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने ऑर्किडांच्या रुजण्यातील कवकाचे हे कार्य १८९९ साली ओळखले. पुढे १९२२ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात लुइस नडसन याने शर्करा व क्षार मिसळलेल्या आगराच्या निर्जंतुक थरावर कवकाच्या साहाय्यावाचून ऑर्किडांची बीजे रुजवून दाखविली. तेव्हापासून बीजापासून हजारो रोपे करणे शक्य झाले.

तथापि बीजाने एक प्रश्न सुटला, तरी दुसरा तसाच राहिला. बीजात माता आणि पिता या दोघांचे गुण एकत्र येतात आणि प्रत्येक बीजात त्यांची मांडणी निराळी असते. एखाद्या बागाइतदाराकडे विलक्षण रंगाचे, मोठ्या आकाराचे फूल देणारे एखादेच संकरित रोप असेल, तर त्याच्या हजार बीजांतूनही हुबेहूब तसे एक रोप मिळण्याची शाश्वती नाही. हापूस आंब्याची कोय पेरून हापूसच मिळेल असे नाही आणि म्हणून कलम बांधावे लागते, हे आपणास ठाऊक आहेच. फॅलेनॉप्सिसचे मात्र कलमही होत नव्हते आणि विभागणीही होत नव्हती. अशा वेळी दांड्यावर आपोआप येणारे एखादे बाळरोप हाच काय तो मार्ग होता; कारण बाळरोप हे मातेच्याच शरीराचा भाग असल्यामुळे त्यात तिचे सर्व आनुवंशिक गुण जसेच्या तसे उतरतात.

डोळ्यात दडलेले रोप

फॅलेनॉप्सिसचा पुष्पदंड बारकाईने पाहिला, तर उसाप्रमाणे त्यावरही थोड्या थोड्या अंतरावर पेरी दिसतात. प्रत्येक पेऱ्यावर लहानसे त्रिकोणी, पातळ आवरण चिकटलेले असते. दांड्याच्या वरच्या भागातील पेऱ्यांपासून फुले निघतात. खालच्या पेऱ्यांवरील आवरण अलगद उचलून पाहिले, तर त्याखाली गव्हाच्या दाण्याहूनही लहान असा एक हिरवा डोळा आढळतो. हा डोळा एरवी सुप्त असतो. त्याच्यापुढे तीन मार्ग असतात: सुप्तच राहावे, फुटून फुलांची नवी शाखा व्हावे, किंवा पाने फुटून बाळरोप व्हावे.

यांपैकी कोणता मार्ग घेतला जाईल, हे ठरविण्यात तापमानाचा वाटा मोठा आहे. फॅलेनॉप्सिसला दांडा येण्यासाठी काही आठवडे थोडा गारवा लागतो. दिवसाचे तापमान २५ अंश सेल्सिअसच्या आत आणि रात्रीचे त्याहून काही अंश खाली राहिले की पानाच्या बगलेतील डोळा जागा होतो व दांडा बाहेर पडतो. उलट तापमान सतत २८ अंशांच्या वर राहिले, तर दांडे येणे थांबते व रोप केवळ पाने वाढवीत राहते. कोवळा दांडा निघाल्यावर एकाएकी उष्मा वाढला, तर दांड्यावरील डोळ्यांचीही प्रवृत्ती पालटते आणि जेथे फुले यावयाची तेथे पाने दिसू लागतात. गारव्याने फूल आणि उष्म्याने पान, असा हा स्थूल नियम होय. अर्थात जातीपरत्वे त्यात फरक पडतो. लुडेमॅनियानासारख्या जातीत बाळरोपांची प्रवृत्ती उपजतच बलवत्तर असते, तर कित्येक संकरित वाणांना वर्षानुवर्षे एकही बाळरोप येत नाही.

दुसरा वाटा वनस्पतीच्या अंगातील संप्रेरकांचा. तुळशीचा अथवा शेवंतीचा शेंडा खुडला की बाजूच्या फांद्या जोमाने फुटतात, हा अनुभव सर्वांना आहे. शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक खाली उतरून बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवते. सायटोकायनिन नावाची संप्रेरके त्यांना जागे करतात. या दोहोंच्या प्रमाणावर डोळ्याचे भवितव्य पुष्कळ अंशी अवलंबून असते. फुले सरल्यावर दांडा तळापासून दोन-तीन पेरी ठेवून कापला असता उरलेल्या डोळ्यांपैकी एखादा फुटतो, त्याचे कारण हेच. मात्र त्यातून पुन्हा फुले येतील की बाळरोप येईल, हे खात्रीने सांगता येत नाही.

काचेच्या कुपीतील प्रयोग

दांड्यावरील डोळ्यात संपूर्ण रोप होण्याची शक्ती आहे, हे बाळरोपांनी दाखवूनच दिले होते. मग दैवावर विसंबून न राहता तो डोळा दांड्यापासून वेगळा करून स्वतंत्रपणे वाढविता येणार नाही काय? नडसनने जेथे बीजे रुजविली, त्याच कॉर्नेल विद्यापीठात गाव्हिनो रोटर या संशोधकाने हा विचार प्रत्यक्षात आणला. त्याने फॅलेनॉप्सिसच्या दांड्याचे एकेका डोळ्याचे तुकडे केले, ते निर्जंतुक केले आणि काचपात्रातील पोषक आगरावर ठेवले. डोळ्यांतून रोपे निघाली. हा प्रयोग १९४९ साली प्रसिद्ध झाला. याच रोटरने पुढे दिवसाची लांबी व तापमान यांचा ऑर्किडांच्या वाढीवर आणि बहरावर होणारा परिणामही अभ्यासला. उसाची कांडी शेतात लावावी तसाच हा प्रकार. फक्त शेताऐवजी काचेची कुपी आणि मातीऐवजी आगर. ऑर्किडांची शाकीय वृद्धी काचपात्रात करण्याच्या दिशेने टाकलेले हे आरंभीचे पाऊल होते. त्यानंतर १९६० साली जॉर्ज मोरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सिंबिडियम ऑर्किडच्या कोंबाचे सूक्ष्म अग्र वाढवून नवी रोपे मिळविल्याचे प्रसिद्ध केले आणि ऊतिसंवर्धनाचे युग सुरू झाले.

मधल्या काळात संप्रेरकांचे ज्ञानही वाढले होते. कार्लोस मिलर, फोल्के स्कूग आणि त्यांचे सहकारी यांनी १९५५ साली हेरिंग माशाच्या शुक्रपेशींतील डीएनएपासून कायनेटिन हे पेशीविभाजनाला चालना देणारे द्रव्य वेगळे केले. ऑक्सिन आणि कायनेटिन यांचे प्रमाण बदलले की तंबाखूच्या पेशींच्या गोळ्यातून कधी मुळे तर कधी कोंब निघतात, हे मिलर व स्कूग यांनी १९५७ साली दाखविले. आज ऑर्किडप्रेमी वापरतात तो मलम याच ज्ञानाचे फळ आहे. त्यात बेंझिलअमिनोप्युरीन नावाचे सायटोकायनिन लोकरीपासून मिळणाऱ्या मेणासारख्या लॅनोलिनमध्ये मिसळलेले असते. दांड्याच्या पेऱ्यावरील आवरण दूर करून डोळ्यावर त्याचा किंचित लेप दिला, तर सुप्त डोळा जागा होण्याचा संभव वाढतो. मात्र लेप जास्त झाला, तर एकाच जागी वेडेवाकडे अनेक कोंब उठतात. अशक्त रोपावर हा उपाय करणे म्हणजे तर त्याची उरलीसुरली शक्ती खर्ची घालणे होय.

बाळरोपाची जोपासना

दांड्यावर पाने दिसू लागली की ती ताबडतोब तोडून लावण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. बाळरोपाला आरंभी स्वतःची मुळे नसतात. पाणी आणि क्षार त्याला मातेकडून दांड्यावाटे मिळतात. दोन-तीन पाने आणि सुमारे पाच सेंटिमीटर लांबीची दोन-तीन मुळे येईपर्यंत त्याला मातेपासून वेगळे करू नये. यास कित्येक महिने लागतात. या काळात दांडा हिरवा राहील याची काळजी घ्यावी, कारण तो वाळला की बाळरोपाची नाळच तुटते. पाने आली पण मुळे येत नाहीत असे दिसले, तर बुडाशी ओलसर स्फॅग्नम शेवाळ सैलसर गुंडाळावे व ते वरचेवर ओले करावे. दुसरा उपाय म्हणजे दांडा अलगद वाकवून बाळरोप शेजारच्या लहान कुंडीवर टेकवून ठेवणे. दाब कलमाची कल्पना असलेल्यास ही युक्ती सहज समजेल.

मुळे पुरेशी वाढली म्हणजे बाळरोपाच्या दोन्ही बाजूंस दोन-दोन सेंटिमीटर दांडा ठेवून धारदार चाकूने काप घ्यावा. चाकू आधी ज्योतीवर तापवून निववावा. हे केवळ स्वच्छतेसाठी नव्हे; ऑर्किडांना ग्रासणारे काही विषाणू एका रोपाच्या रसातून दुसऱ्यात चाकूवाटेच जातात. लागवडीसाठी बागेतील माती चालत नाही. झाडावर उघड्या हवेत राहणारी ही मुळे मातीत गुदमरतात. त्यांच्यावर पांढुरके, स्पंजासारखे आवरण असते. ते पावसाचे पाणी झटकन टिपून घेते आणि ओले झाले की आतील हिरवा रंग दिसू लागतो. म्हणून लोणारी कोळशाचे, विटांचे व नारळाच्या सोडणाचे तुकडे, अथवा झाडाची साल व थोडे स्फॅग्नम असे पोकळ मिश्रण लहान कुंडीत भरावे. कुंडी थेट उन्हात न ठेवता गाळीव प्रकाशात ठेवावी. पाणी सकाळी द्यावे आणि ते पानांच्या मध्यभागी साचू देऊ नये. अशा रीतीने वाढविलेले बाळरोप साधारणतः दोन-तीन वर्षांत फुलावर येते आणि ते फूल हुबेहूब मातेसारखे असते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डेंड्रोबियमलाही बाळरोपे येतात, पण ती बहुधा फुलांच्या दांड्यावर नव्हे, तर जाड कांडाच्या पेऱ्यांवर. हिवाळ्यातील विश्रांतीच्या काळात त्याला पाणी आणि नत्रयुक्त खत फार मिळाले, तर फुलांच्या जागी अशी रोपे येतात. तेथे बाळरोप ही भेट नसून माळ्याच्या अतिउत्साहाची खूण असते. फॅलेनॉप्सिसवरील बाळरोपाचा अर्थ लावतानाही असाच विवेक हवा. मातेची पाने टवटवीत असतील, तर बाळरोप हे तिच्या सुस्थितीचे लक्षण मानावे. शेंडा कुजल्यावर अथवा मुळे सडल्यावर येणारे बाळरोप मात्र मरणाऱ्या रोपाची अखेरची धडपड असू शकते. अशा वेळी मातेला वाचविण्याच्या खटपटीत बाळरोपाची हेळसांड होता कामा नये.

सारखेपणाचे मोल

आज तैवान, नेदरलँड्स इत्यादी देशांत प्रयोगशाळांतून निघालेली फॅलेनॉप्सिसची रोपे फार मोठ्या संख्येने जगभर जातात. शंभर वर्षांपूर्वी श्रीमंतांच्या काचगृहात असलेले हे फूल आता सामान्य माणसाच्या खिडकीत आले आहे. यातून वनसंपत्तीच्या रक्षणालाही हातभार लागू शकतो. ऑर्किडांच्या हव्यासापायी जगातील कित्येक अरण्यांतून त्यांची बेसुमार लूट झाली. म्हणूनच त्यांचे सबंध कुल वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या कक्षेत आणावे लागले, आणि भारतात नील वंदा, ताम्र वंदा व चंपलीच्या आकाराच्या फुलांची ऑर्किडे यांना वन्य जीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण द्यावे लागले. जे रोप कुपीत लाखांनी वाढविता येते, ते अरण्यातून ओरबाडून आणण्याचे प्रयोजन उरत नाही. सिक्कीममधील पाक्योंग येथे १९९६ साली स्थापन झालेले राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्र भारतीय ऑर्किडांच्या संवर्धनाचे आणि लागवडीचे कार्य करीत आहे.

परंतु सारखेपणाला मोलही द्यावे लागते. बाळरोपात मातेचे गुण उतरतात, त्याप्रमाणे तिच्या अंगातील विषाणूही उतरू शकतात. एकाच रोपाच्या लक्षावधी प्रती झाल्या, म्हणजे ज्या रोगाला एक बळी पडते त्याला सर्वच बळी पडण्याचा धोका असतो. बदलत्या हवामानाला तोंड देण्यासाठी जे वैचित्र्य लागते, ते केवळ बीजांतून निर्माण होते. आणि त्यासाठी अरण्य हवे, त्यातील कीटक हवेत, मातीतील व सालीवरील कवक हवेत. बाळरोप हे जे आहे ते टिकविते. बीज हे जे नाही ते घडविण्याची शक्यता राखते. निसर्गाने फॅलेनॉप्सिसच्या एकाच दांड्यावर या दोन्ही सोयी करून ठेवल्या आहेत. वरच्या टोकाला फुले, म्हणजे पुढील बीजांची तयारी. खालच्या पेऱ्यांवर सुप्त डोळे, म्हणजे गरज पडली तर हुबेहूब आपल्यासारख्या रोपाची तयारी.

शाळेच्या आवारात अथवा ग्रंथालयाच्या व्हरांड्यात फॅलेनॉप्सिसची एखादी कुंडी असेल, तर फुले गळताच तिचा दांडा बुंध्यापासून छाटून टाकू नये. तो हिरवा असेतोवर ठेवावा, प्रत्येक पेऱ्यावरील आवरणाखाली काय घडते ते आठवड्यातून एकदा पाहावे आणि त्या दिवशीचे तापमान वहीत टिपून ठेवावे. कदाचित काहीच घडणार नाही. कदाचित आवरण किंचित वर उचललेले दिसेल आणि त्याखालून हिरवे टोक डोकावेल. ते गोलसर आहे की पानासारखे चपटे, हे ओळखण्यास आणखी काही दिवस थांबावे लागेल.